दाजींचं ऑपरेशन, भाचीची फी आणि मधले चार महिने

बार्शीहून एका मामांनी विचारलं आहे. त्यांची भाची पुण्यात एका खासगी विनाअनुदानित डेंटल कॉलेजात बी.डी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, ओबीसी प्रवर्गात. दाजींचं किराणा दुकान. दिवाळीत त्यांना हार्ट अटॅक आला, बायपास झालं, फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दवाखान्यात गेले आणि दुकान तेव्हापासून बंद आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता, पण पैसे आले नाहीत. कॉलेज सगळी फी मागतंय आणि नाही भरली तर परीक्षेचा अर्ज पुढे पाठवणार नाही म्हणतंय. मुलीनं घरी यातलं काहीच सांगितलं नाही. ती एक वेळ जेवून राहते, हे तिच्या रूममधल्या मैत्रिणीनं मामांना फोन करून कळवलं. मामा विचारतात, मदत कुठून मिळेल, आणि नाहीच मिळाली तर पोरीनं शिक्षण सोडावं का?

मामा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. या वर्षी तर अजिबात नाही. मी सव्वीस वर्षं डेंटल कॉलेजात शिकवलं, त्यातली सतरा वर्षं विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं काम पाहिलं, आणि निवृत्तीनंतर एका ट्रस्टकडे येणारे अर्ज वाचते. पैशाअभावी कॉलेज सोडायला निघालेली जी मुलं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांच्या हक्काचे पैसे कुठेतरी अडकलेले होते. ते यायला आणखी सहा-आठ महिने लागणार होते, आणि तेवढा काळ तग धरायला घरात काही नव्हतं. म्हणून तुमची अडचण मी ‘फी नाही’ अशी मांडणार नाही. हक्काचे पैसे हातात पडेपर्यंतचे चार-सहा महिने कसे काढायचे, हा खरा प्रश्न आहे. असा विचार केलात की रक्कम लहान होते आणि वाटाही दिसायला लागतात.

पण सगळ्यात आधी जेवण. यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहू नका. आज तुमच्याकडे जे असेल त्यातून तिच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे मेसवाल्यांच्या हातात द्या, तिच्या खात्यात टाकू नका. खात्यात टाकलेत तर ती ते फीसाठी साठवून ठेवेल आणि पुन्हा उपाशी राहील. हे अंदाजानं सांगत नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला क्लिनिकमध्ये उभ्याउभ्या चक्कर आली म्हणून आम्ही त्याला ओपीडीत नेलं. त्याच्या खात्यात अकरा हजार रुपये होते, आणि ते त्यानं परीक्षा फीसाठी राखून ठेवले होते. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. ती पद्धत आता गेली, पण त्या काळी मुलगा उपाशी आहे हे निदान सात घरांना ठाऊक असायचं. आज कॉट बेसिसवर राहणारी मुलगी उपाशी आहे हे शेजारच्या कॉटवरच्या मुलीलाच कळतं. त्या मैत्रिणीनं तुम्हाला फोन केला, हे तिचे उपकार समजा.

आता फी. कॉलेजकडून लेखी हिशोब मागा, तोंडी आकडा घेऊ नका. शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, विद्यापीठाचं शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्या. हा कागद हातात आल्याशिवाय पुढचं काहीच नीट होणार नाही, कारण यातली प्रत्येक रक्कम वेगळ्या दारातून येते. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के प्रतिपूर्ती मिळते. आधी ती निम्मी होती. २०२४-२५ पासून ही सवलत नव्या मुलींना आहे, तशीच आधीपासून शिकत असलेल्या आणि अर्जाचं नूतनीकरण केलेल्या मुलींनाही आहे. अट दोन गोष्टींची. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही, आणि कॉलेज अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नसावं. तुमची भाची दोन्हींत बसते. म्हणजे हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा, शिक्षण शुल्काचा, तुम्ही भरायचाच नाही.

मग पैसे का आले नाहीत? माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा उत्तर महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळाच्या, लॉगिनमध्येच असतं. अर्ज भरला की मुलांना वाटतं झालं काम. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या डेस्कवर जातो, मग प्राचार्यांच्या, मग योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या. यातल्या कुठल्याही डेस्कवरून तो त्रुटी दाखवून परत येऊ शकतो, आणि परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच पडून राहतो. तिला आज लॉगिन करायला सांगा आणि अर्जाची स्थिती व खालचा शेरा वाचून दाखवायला सांगा. नेहमीचे शेरे ठरलेले असतात. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली आहे, जात वैधता प्रमाणपत्र जोडलेलं नाही, कॅपचं अलॉटमेंट पत्र नीट दिसत नाही, किंवा बँक खाते आधारशी जोडलेलं नाही. हे शेवटचं फार फसवं आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं लोक धरतात. पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे असे पैसे घेण्यासाठी बँकेनं आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि एका वेळी एकच खातं सीड असतं. पूर्वी गॅस सबसिडीसाठी किंवा शाळेत असताना उघडलेलं एखादं जुनं खातं सीड असेल, तर पैसे मुकाट्यानं तिथे जातात. एका मुलीची शिष्यवृत्ती दोन वर्षं तिच्या गावातल्या बंद समजलेल्या खात्यात जमा होत होती आणि इकडे तिची आई गळ्यातलं विकायला निघाली होती.

अर्ज परत आला असेल तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा आणि त्याच दिवशी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला भेटून पुढच्या डेस्ककडे पाठवायला सांगायचं. या माणसाशी भांडू नका. शेकडो अर्ज एकट्यानं पाहणारा तो माणूस असतो, आणि समोर येऊन शांतपणे बोलणाऱ्याचा अर्ज तो त्याच दिवशी उघडतो. नूतनीकरणाची मुदतच संपली असेल तर मात्र प्राचार्यांच्या पत्रासह खात्याच्या जिल्हा कार्यालयात जावं लागेल. तारखा वाढवल्या जातात, पण त्यावर विसंबून घरी बसू नका.

एक धोक्याची सूचना. काही योजनांत फीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. घरी आजारपण असताना खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की ती औषधांकडे वळते. मी कुणालाही दोष देत नाही, माझ्यासमोर हे सज्जन माणसांकडून झालेलं आहे. पण मग पुढच्या वर्षी कॉलेजचं देणं दुप्पट होतं आणि ट्रस्टसुद्धा हात आखडता घेतो. तो पैसा आला की दुसऱ्या दिवशी कॉलेजात भरायचा, एवढं ताईंना आणि दाजींना आत्ताच सांगून ठेवा.

शिक्षण शुल्क असं बाजूला काढलं की उरतं ते विकास शुल्क, किरकोळ शुल्कं, राहणं-जेवण, आणि डेंटलच्या मुलांचा खास खर्च, म्हणजे साहित्य. हा खर्च माहितीपत्रकात दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. एम.बी.बी.एस.च्या मुलाला पुस्तकं, अॅप्रन, स्टेथोस्कोप, हाडांचा संच एवढ्यावर भागतं, आणि हाडं सीनिअरकडून ज्युनिअरकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. डेंटलचं तसं नाही. पहिल्या दोन वर्षांत मेण, प्लास्टर, टायपोडॉन्ट (सरावासाठीचा कृत्रिम दातांचा जबडा), कार्व्हिंगची हत्यारं, आर्टिक्युलेटर. तिसऱ्या वर्षापासून एअरोटर हँडपीस (दात कोरायचं यंत्र), फोर्सेप्स, एंडोच्या फाइल्स, कंपोझिटचा संच. शिवाय शेवटच्या दोन वर्षांत ठरावीक संख्येच्या केसेस पूर्ण करायच्या असतात, त्याला मुलं कोटा म्हणतात. कवळी बसवून घ्यायला आलेल्या आजोबांकडे कवळीचे पैसे नसले की कोटा पूर्ण करण्यासाठी विद्यार्थीच आपल्या खिशातून भरतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं दोन पेशंटच्या कवळ्यांसाठी स्वतःचा मोबाइल विकला आणि मला कळलं ते तो व्हायव्हाला उशिरा आला तेव्हा. त्यानंतर आमच्या विभागात आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून एक छोटी रक्कम फक्त पेशंटच्या लॅब खर्चासाठी ठेवली. तुमच्या भाचीच्या कॉलेजात असं काही आहे का, हे तिनं विभागप्रमुखांना विचारावं. आणि साहित्य नवं घ्यायची घाई करू नये. इंटर्नशिप संपवून जाणाऱ्या मुलांचे संच निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. हँडपीस मात्र जुना घेताना चालवून बघायचा, त्याचं बेअरिंग गेलेलं असेल तर स्वस्त घेतलेला महागात पडतो.

कॉलेजला पत्र द्या. हे काम मुलीनं एकटीनं करू नये, तुम्ही सोबत जा. पत्र प्राचार्यांच्या नावे, एक पानाचं. वडिलांच्या आजारपणाची तारीख, ऑपरेशन, दुकान बंद असल्याची गोष्ट. मग शिक्षण शुल्क शासनाकडून येणं आहे, अर्ज क्रमांक अमुक, सध्या अमुक डेस्कवर. मग उरलेली रक्कम किती आणि ती तुम्ही कोणत्या तारखांना, किती हप्त्यांत भरणार. शेवटी एकच विनंती, परीक्षेचा अर्ज विद्यापीठाकडे मुदतीत पाठवावा. पहिला हप्ता, पाच हजारांचा का असेना, त्याच दिवशी भरा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सतरा वर्षं बसले आहे, म्हणून सांगते. तारखांसह आलेल्या आणि सोबत काहीतरी भरलेल्या माणसाला प्राचार्य सहसा नाही म्हणत नाहीत. फोन न उचलणाऱ्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रडत येणाऱ्या मुलाला मदत करायची इच्छा असली तरी तोवर विद्यापीठाची मुदत गेलेली असते आणि कुणाच्याच हातात काही उरत नाही.

शासन जी फी देणार आहे ती पात्र मुलीकडून आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. पत्रात ८ जुलै २०२४ च्या निर्णयाचा नम्रपणे उल्लेख करा. शिवाय खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेजच्या हिशोबातला आकडा मंजूर फीपेक्षा जास्त असेल तर विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तक्रारीची भाषा मात्र पहिल्या भेटीत नको. आधी परीक्षा सुरक्षित करा, वाद नंतर.

राहण्या-जेवणासाठी मोठी योजना आहे ती ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ती ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, परगावच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. इथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आठ नाही, आणि जागा मर्यादित आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी याच धर्तीची, त्याआधीपासून चालत आलेली स्वाधार योजना आहे. तिच्यात वैद्यकीय शाखेच्या मुलांना साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपये वेगळे मिळतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तुमच्या ओळखीत दुसऱ्या प्रवर्गातला कुणी असेल म्हणून ही नावं एकत्र दिली. यातलं काहीही दोन-चार आठवड्यांत मिळणार नाही. तरी अर्ज करायचाच, कारण आज न केलेला अर्ज पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा तुमच्यापुढे येऊन उभा राहतो.

आता ट्रस्ट. सरकारी योजना आणि ट्रस्ट यांत एक मूलभूत फरक आहे, तो कळला की अर्ज कसा लिहायचा हे आपोआप कळतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचं सांगतो. दुकान चालू असतानाचं उत्पन्न त्यात दिसतं. दिवाळीत ते बंद पडलं, हे त्या कागदाला माहीतच नसतं. ट्रस्ट मात्र आजची चूल पेटते की नाही ते विचारतो. म्हणून ट्रस्टच्या अर्जाला उत्पन्नाच्या दाखल्यासोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बिलं, दुकानाच्या बंद काळाचं वीजबिल किंवा दुकानाच्या खात्याचं बँक स्टेटमेंट जोडा. मी अर्ज वाचताना बंद दुकानाचं तीन महिन्यांचं किमान आकाराचं वीजबिल पाहिलं की मला दुसरा पुरावा लागत नाही.

आणि सगळी फी मागू नका. ‘माझ्या मुलीला शिकवा’ असे अर्ज आमच्याकडे गठ्ठ्यानं येतात आणि त्यांचं काय करावं ते कुठल्याही विश्वस्ताला समजत नाही. लिहा की एकूण देणं इतकं, त्यातलं शासन इतकं देणार, मामा इतकं देणार, मुलगी सुट्टीत इतकं मिळवणार, आणि उरलेली तूट अमुक हजारांची, अमुक तारखेपर्यंत. रक्कम कॉलेजच्या नावे चेकनं द्यावी असं आपणहून लिहा. नेमकी तूट मागणाऱ्या अर्जावर निर्णय पटकन होतो, कारण विश्वस्तांना आपल्या पैशानं काम पूर्ण होताना दिसतं. एका ट्रस्टनं सगळं द्यावं ही अपेक्षा सोडा. तीन ठिकाणांहून दहा-दहा हजार येणं जास्त शक्य असतं. प्रत्येक अर्जात बाकीच्या दोन अर्जांचा उल्लेख करा. लपवलंत आणि नंतर कळलं, तर तीनही दारं बंद होतात. पुण्यातले विश्वस्त एकमेकांना ओळखतात.

कुठे जायचं? पुण्यात ही परंपरा जुनी आहे. १९०९ पासूनचं पुणे विद्यार्थी गृह आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या मुला-मुलींना कमी खर्चात ठेवते आणि त्यांच्याकडून कामही करून घेते. तिथला प्रवेश वर्षाच्या सुरुवातीला होतो, म्हणून पुढच्या जूनसाठी आत्तापासून चौकशी करा. खोलीचं भाडं वाचलं की तिचा निम्मा प्रश्न सुटेल. त्याखेरीज जवळजवळ प्रत्येक समाजाची मंडळं, शहरातले छोटे कौटुंबिक ट्रस्ट, रोटरी आणि लायन्सचे क्लब, आणि कॉलेजचे माजी विद्यार्थी. या शेवटच्या गटाला लोक विसरतात. डेंटिस्टला डेंटलच्या मुलाचं दुःख पटकन कळतं, कारण हँडपीसची किंमत त्याला समजावून सांगावी लागत नाही. काही ट्रस्ट परतफेडीची, बिनव्याजी शिष्यवृत्ती देतात. ती घ्यायला संकोच करू नका. नोकरी लागल्यावर परत केलेला तो पैसा पुढच्या मुलाला मिळतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याही विद्यार्थी कल्याणाच्या योजना आहेत, कमवा व शिका त्यातलीच. त्या कॉलेजमार्फत जातात, म्हणून विद्यार्थी कल्याण अधिकारी कोण आहेत ते नाव विचारून त्यांनाच भेटायचं. अर्ज मंजूर करून देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. खरा ट्रस्ट अर्जासाठी पैसे घेत नाही.

दवाखान्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला बोलावंच लागेल, कारण फीचे पैसे तिथेच गेले. दाजींची तपासणी, औषधं आणि पुढे काही उपचार लागले तर ते खर्च आधी बांधा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयात मोफत आहेत, आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं असतं. बिल झाल्यावर धावपळ केली तर फार थोडं हाताला लागतं. माझ्यासमोर आलेल्या अर्जांपैकी कितीतरी घरांत मुलाची फी दवाखान्यानं खाल्ली होती, आणि तो दवाखाना या योजनेत बसत होता.

शैक्षणिक कर्ज काढावं का? तुमच्या बाबतीत मी ते दुसऱ्या फळीत ठेवीन. शिक्षण शुल्क माफ असताना मोठं कर्ज कशाला? पण विकास शुल्क, खोली, साहित्य असं मिळून उरलेल्या वर्षांसाठी लाख-दोन लाख लागत असतील, आणि ट्रस्टकडून जुळत नसेल, तर हरकत नाही. कर्ज मधल्या वर्षातही मिळतं, वसतिगृह आणि उपकरणांचा खर्चही त्यात धरता येतो, आणि ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत. पालक सहकर्जदार लागतात. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकारच्या योजनेतून भरलं जातं. त्यासाठी कॉलेजचं नॅक मूल्यांकन (दर्जाची राष्ट्रीय तपासणी) आहे का ते आधी विचारा आणि बँकेत पहिल्याच दिवशी या योजनेचं नाव घ्या. ओबीसी महामंडळाचीही व्याज परतावा योजना आहे, १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजासाठी. हप्ते मात्र वेळेवर भरलेले हवेत. दोन महिन्यांची तातडीची नड असेल तर घरातलं सोनं बँकेत तारण ठेवणं मला त्यापेक्षा बरं वाटतं. मोबाइलवरच्या अॅपचं कर्ज अजिबात नाही. तिनं गुपचूप घेतलेलं आहे का, हे मात्र तिला मायेनं विचारा. हल्ली मुलं घेतात, आणि वसुलीचे फोन सुरू झाल्यावर ती कॉलेजात यायची बंद होतात.

तिनं काम करावं का, असंही तुमच्या मनात असेल. करावं, पण मोजून. डेंटलला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये ७५ टक्के हजेरी लागते, एम.बी.बी.एस.ला प्रॅक्टिकलची ८० टक्के. दिवस क्लिनिकमध्येच जातो. संध्याकाळी दोन तास अकरावी-बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवणं, नीटच्या क्लासमध्ये शंका सोडवणं, ग्रंथालयातलं काम, इतकं झेपतं. रात्रीची कामं केलेल्या मुलांचं मी जे पाहिलंय ते असं: महिन्याला सहा-सात हजार मिळाले आणि एका विषयात वर्ष गेलं. वर्ष गेलं की खोली, मेस आणि फीचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं, आणि नापास वर्षासाठी शिष्यवृत्तीचा आधार मिळणं कठीण.

आता तिच्याविषयी. ती गप्प राहिली म्हणून रागावू नका. बाप आयसीयूत असताना ‘माझी फी’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसतील. आमच्याकडे येणारी मुलं दारात येऊनही पहिली दहा मिनिटं अभ्यासाबद्दल बोलतात. पैशाचं वाक्य निघतं ते उठताना. तिच्या वर्गशिक्षकांना किंवा मेंटॉरला तिनं एकदा सगळं सांगावं. तिला झोप लागत नसेल, वर्गात जावंसं वाटत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्ही येत्या सोमवारी पुण्याला या. मंगळवारी कॉलेज उघडताच भेट होईल अशा बेतानं या, म्हणजे सोमवारची संध्याकाळ तुम्हा दोघांना मिळेल. येताना दाजींचं डिस्चार्ज कार्ड आणि बिलं, रेशनकार्ड, या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता, दुकानाची शेवटची तीन वीजबिलं, तिच्या कॅपच्या अलॉटमेंट पत्राची प्रत आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढून आणा. पुण्यात परीक्षेच्या दिवसांत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस जातो. संध्याकाळी तिच्यासोबत बसून महाडीबीटीचं लॉगिन उघडा, पत्र तिच्या अक्षरात लिहून घ्या आणि तारखांचे हप्ते तिच्यादेखत ठरवा, म्हणजे सकाळी प्राचार्यांसमोर ती स्वतः बोलू शकेल.